बारा लेबलं, तेरा बाटल्या

बद्रीनाथ शेवडेसरांना रसायनशास्त्रातले क्षार नुसते बघून ओळखता यायचे. निदान शेवडेसर स्वतः तसं म्हणायचे, आणि बावीस वर्षांत त्यांना कोणी खोटं पाडलेलं नव्हतं. कर्वेनगरातल्या त्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र म्हणजे शेवडेसर आणि शेवडेसर म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकलचा शंभर टक्के निकाल, हे समीकरण अगदी पक्कं होतं. स्टाफरूममध्ये कुणी नवा शिक्षक आला की सर चहाचा कप खाली ठेवायचे आणि सुरू व्हायचे.

"परीक्षानळी, ॲसिड, गट वगैरे भानगडी मुलांसाठी हो! आपल्याला नुसती बाटली दाखवा. आत कोण बसलंय ते डोळ्यांनी सांगतो!"

नवा शिक्षक थक्क व्हायचा. जुने शिक्षक खिडकीबाहेर बघायचे. बाटली आणून दाखवायला मात्र कोणी उठत नसे, कारण चहाची सुट्टी दहाच मिनिटांची होती.

आता आतली गोष्ट सांगायची तर सरांना क्षार ओळखता यायचे ते बाटलीवरचं लेबल वाचून. लेबलं त्यांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी बोरूच्या अक्षरात लिहून खळीने चिकटवली होती. एक ते बारा नंबर, बारा क्षार, आणि प्रत्येकात एक वेगळा धातू, किंवा अमोनियमसारखा धातूंच्या पंगतीला बसलेला उपरा. परीक्षेत मुलाला नंबर घातलेली एक पुडी मिळायची. त्यातला क्षार पाण्यात विरघळवायचा, शून्य गटापासून सहाव्या गटापर्यंत एकेक रसायन घालत जायचं, कुठे साका बसतो, कुठला रंग येतो ते बघायचं आणि आतला धातू हुडकून काढायचा. निदान पुस्तकात तसं होतं. प्रत्यक्षात आठ नंबर म्हणजे निकेल आणि दहा नंबर म्हणजे झिंक, हे मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे आणि तिच्याकडून शेजारच्या बिऱ्हाडात बावीस वर्षं सुखरूप पोचत आलं होतं. मुलं आधी उत्तर लिहायची आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं जर्नलमधून उतरवायची. सरांना हे ठाऊक होतं. शंभर टक्के निकाल कसा लागतो, हे लावणाऱ्याला ठाऊक असतंच. वर्गात सर पिवळ्या पडलेल्या वहीतून सगळ्या गटांच्या पायऱ्या सांगायचे, मुलं लिहून घ्यायची, आणि प्रॅक्टिकलच्या तासाला सर खुर्चीत बसून पेपर वाचायचे.

तर, साल दोन हजार. एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते, ते पडले नाहीत, त्यामुळे पुण्यातल्या प्रत्येक आईबापाने आपलं पोर कॉम्प्युटरमध्येच घालायचं ठरवलं होतं. कॉलेजातही नवी कॉम्प्युटर लॅब झाली होती. तिथे एसी होता, पडदे होते, आणि देवळात जावं तशा चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. शेजारीच रसायनशास्त्राची लॅब. तिथे चपला काढल्या असत्या तर पाय भाजले असते.

फेब्रुवारीत प्राचार्य लॅबमध्ये डोकावले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "शेवडेसर, सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत. ही कळकट लेबलं काढा बुवा. कॉम्प्युटरवर छान छापून घ्या. एकविसावं शतक आहे!"

सरांनी बारा नावं कागदावर लिहून शेजारच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या दीपमाला मॅडमना दिली. शनिवारी सकाळी मॅडमनी छापील लेबलांचा कागद हातात ठेवला आणि अभिमानाने म्हणाल्या, "नुसती छापली नाहीत हं सर, सॉर्ट पण करून दिलीत! ए टू झेड! नंबरसकट!"

"वा!" असं म्हणून सर लॅबमध्ये शिरले आणि उंबऱ्यातच थांबले.

लॅब लखलखत होती. फळीवर बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. काचा अशा स्वच्छ की पलीकडची भिंत दिसावी. एकाही बाटलीवर कागदाचा कपटा नव्हता.

बाटल्यांशेजारी पदराला हात पुशीत इंदुबाई उभ्या होत्या. इंदुबाई वाशीमकडच्या. लग्न करून पुण्यात आल्या आणि गेली एकोणीस वर्षं या लॅबमधल्या नळ्या धूत होत्या. आता त्या कौतुकाच्या अपेक्षेने सरांकडे बघत होत्या.

"इंदुबाई," सरांनी विचारलं, "लेबलं कुठायत?"

"काढली ना जी! काल सोड्याच्या गरम पान्यात भिजू घातली होती. बुचं घट्ट लावून. लय चिवट होती बापा! नखानं खरडली."

"अहो, पण कुठली बाटली कशाची, ते लिहून ठेवलंत ना?"

इंदुबाईंनी सरांकडे नवलाने पाहिलं. "कायले? सर, तुमीच त म्हनता ना, नुसतं पाहून ओळखतो म्हनून! मले वाटलं, नवी चिकटवताना सर सांगतीन."

एकोणीस वर्षं या बाईने आपला शब्दन्‌शब्द खरा मानला होता. रागवायचं तरी कुणावर?

"सांगतो," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

चार बाटल्या सरांनी झटक्यात ओळखल्या. निळं ते कॉपर, हिरवं ते निकेल, गुलाबी ते कोबाल्ट, आणि तांबूस पिवळं ते आयर्न. इंदुबाईंनी मान डोलावली. सरांना जरा हुरूप आला. मग त्यांनी उरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं आणि हुरूप गेला. त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. एक जरा जाड पांढरी, एक बारीक पांढरी, एक चमकणारी पांढरी. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी त्या पांढऱ्याच होत्या. शिवाय हातात लेबलं बारा असताना फळीवर बाटल्या तेरा होत्या! बाटलीला बाटली कशी काय झाली, याचा सरांना उलगडा होईना.

त्यांनी रसायनांच्या दुकानात फोन लावला. माल गुरुवारी येईल, असं उत्तर आलं. दुसऱ्या कॉलेजातून उसने आणायचे तर का ते सांगावं लागणार, आणि सोमवारी येणार होते हिंमतराव बाबर. वाईकडचे हे बाबरसर असे परीक्षक होते की मागच्या वर्षी त्यांनी एका कॉलेजची अख्खी परीक्षा जागच्या जागी रद्द केली होती. चोवीस मुलं. परीक्षा रद्द झाली तर निकाल अडकणार, निकाल अडकला तर इंजिनिअरिंगचे प्रवेश हुकणार, आणि चोवीस घरांत शेवडेसरांचं नाव वर्षभर रोज जेवताना निघणार.

रविवारी सकाळी सर शर्ट घालून निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पेपरमधून मान वर न करता म्हणाल्या, "आज रविवार आहे."

"लॅबमध्ये जाऊन येतो. क्षार ओळखायचेत."

"पण तुम्हाला तर बघून कळतात ना?" कौशल्याबाईंनी विचारलं. सरांनी चपला घातल्या. बावीस वर्षांत बाटली दाखवायला पहिल्यांदा कोणीतरी उठलं होतं, आणि ते घरचंच निघालं.

लॅबमध्ये इंदुबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चूक आपली आहे एवढं त्यांना एव्हाना कळलं होतं; बघून कळतंच, पण परीक्षकांना पुरावा लागतो, असं सरांनी सांगितल्याने त्यांची श्रद्धा मात्र शाबूत होती. सरांनी पिवळी वही उघडली. बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेल्या सूचना ते आज पहिल्यांदा स्वतः पाळणार होते. कॉलेजात असताना त्यांनीही हे सगळं केलं होतं म्हणा. पण तेव्हा त्यांच्याकडेही यादी होती.

"शून्य गट," सरांनी वाचलं. "क्षारात सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवा." पहिल्या बाटलीतून चिमूटभर घेऊन त्यांनी तापवलं. काही झालं नाही. दुसरी तापवली. काही नाही. तिसरी तापवली आणि वास येतो का बघायला नळीवर नाक नेलं, तोच एक सणसणीत भपकारा थेट मेंदूत गेला!

"अमोनिया!" सर डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत ओरडले. "इंदुबाई, लाल लिटमस आणा!"

इंदुबाईंनी लाल कागद नळीच्या तोंडाशी धरला. तो सरांच्या डोळ्यांदेखत निळा झाला. हळूहळू, कडेकडून आत.

"झाला!" सर म्हणाले. "निळा झाला, इंदुबाई!"

"हो जी."

"वहीत लिहिलंय तस्साच!"

वही खरी आहे, हा शोध सरांना पन्नासाव्या वर्षी लागला होता. त्यानंतर त्यांना धरून ठेवणं अशक्य झालं. तार ॲसिडमध्ये बुडवून, क्षाराला लावून बर्नरच्या ज्योतीत धरली, तर साधी निळी ज्योत एकदम पोपटी हिरवी झाली! बेरियम! पुढच्या बाटलीला ती विटकरी झाली. कॅल्शियम! त्याच्या पुढच्या बाटलीला ज्योतीतून असा किरमिजी लाल रंग उसळला की सर दोन पावलं मागे सरले. हे स्ट्रॉन्शियम. मुलांना ते दरवर्षी "क्रिमसन रेड, अंडरलाइन करा" एवढं एका दमात सांगून पुढे जायचे. हा रंग असा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तार धुऊन धुऊन तीनदा ज्योतीत धरली. पहिली खेप ओळखण्यासाठी होती. उरलेल्या दोन कशासाठी होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग आली नववी बाटली. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाकताच पांढरा साका बसला. पहिला गट म्हणजे लेड, म्हणजेच शिसं. सरांनी वहीतली पुढची ओळ वाचली. साका गरम पाण्यात विरघळतो. विरघळला. पोटॅशियम आयोडाइड घाला, पिवळा साका येतो. आला. पिवळाधमक. पुन्हा पाणी घालून तापवा. तापवलं, आणि पिवळं सगळं नाहीसं झालं. नळीत नुसतं पाणी!

"गेलं," सर हिरमुसून म्हणाले.

"नळाखाली धरा ना," इंदुबाई म्हणाल्या. "गार झालं का सोनं पडते."

सरांनी नळी नळाखाली धरली. आधी काहीच झालं नाही. मग त्या पाण्यात कुठेतरी एक ठिणगी चमकली. मग दहा. मग शंभर. बघता बघता सगळी नळी सोनेरी अभ्रकाच्या चुऱ्याने भरून गेली आणि तो चुरा गरगरत, झळकत, सावकाश खाली उतरू लागला. त्यांनी नळी खिडकीकडे धरली. उन्हात तर बघवेना, इतकी ती चमकत होती. एका मुठीत मावेल एवढ्या काचेत एवढं सोनं कुठून आलं, आणि तेही दोन बिनरंगी पाण्यांतून! सरांना अंगावर काटा आल्याचं जाणवलं.

"इंदुबाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"रोजच पडते ना. पोरं पिवळी नळी तशीच टाकून जातात, मीच त गरम पान्यानं धुते." इंदुबाईंनी जरा थांबून खरं ते सांगून टाकलं. "तुमी तवा पेपर वाचत राहता."

ही नळी मात्र सरांनी धुवायला दिली नाही. ती स्टँडवर उभी करून ठेवली.

दुपारपर्यंत ॲल्युमिनियम, झिंक आणि मॅग्नेशियमही सापडले. झिंकसाठी सोडलेल्या वायूचा सडक्या अंड्यांसारखा वास कॉलेजभर पसरला आणि रखवालदार दोनदा येऊन मेलेला उंदीर शोधून गेला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ते आता पेटले होते. उरली होती एकच बाटली, तेरावी.

तेरावीने मात्र घाम फोडला. शून्य गट, काही नाही. पहिला, दुसरा, तिसरा, काही नाही. सहाव्या गटापर्यंत जाऊनही पाणी तसंच नितळ! सरांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. दोन तास गेले. तरी तो क्षार दाद देईना. सरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली.

"इंदुबाई, हा धातू कुठल्याच गटात बसत नाही! पुस्तकातच नाही हा!" आणि मग जवळजवळ कुजबुजत ते म्हणाले, "कदाचित नवीनच असेल."

त्यांनी कोरडी चिमूट नळीत घालून थेट तापवली. पांढरे कण वितळले, पिवळे झाले, तांबूस झाले, मग काळे झाले आणि लॅबभर एक ओळखीचा गोड खमंग वास पसरला. लाडू वळायच्या दिवशी येतो तसा. इंदुबाई कोपऱ्यात स्टोव्ह पेटवत होत्या, त्या वासासरशी वळल्या.

"अगं बाई! सर, ती चहाची साखर हाय!"

"साखर?"

"मुंग्या लागतात म्हनून बुचाच्या बाटलीत ठेवली होती. धुताना सगळ्यांच्या संगं तीबी धुतली."

सर खुर्चीत बसले. दोन तास! मग त्यांना दुसराच विचार सुचला. "इंदुबाई, या बाटलीत आधी काय होतं?"

"आता तं ध्यानात नाही जी. पन स्वच्छ धुतली होती."

या साखरेचा चहा सर किती वर्षं पीत होते, याचा हिशेब त्यांनी मुद्दामच केला नाही. बारा बाटल्यांना बारा लेबलं चिकटवली. इंदुबाईंनी नव्या नंबरांप्रमाणे चोवीस पुड्या बांधल्या, एकेका नंबराच्या दोन दोन. पाच वाजता सर घरी निघाले, तेव्हा त्यांचं एक बोट भाजलेलं होतं, शर्टाला तीन भोकं पडली होती, आणि रस्त्यात लोक वळून बघतील इतके ते खूश होते.

सोमवारी आठच्या ठोक्याला हिंमतराव बाबर आले. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, हातात ब्रीफकेस. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं, आणि सरांना हायसं वाटलं. चोवीस मुलांना पुड्या वाटल्या गेल्या. बरोबर चार मिनिटांनी तेजस नावाच्या मुलाने पेन खाली ठेवलं.

"झालं?" बाबरसरांनी विचारलं.

"हो सर. सॉल्ट झालं."

बाबरसरांनी पेपर उचलून मोठ्याने वाचला. "क्षाराचा रंग हिरवा. गट चौथा. धातू निकेल." मग त्यांनी तेजसची पुडी उलगडली. आत मिठासारखी पांढरी शुभ्र भुकटी होती. "हिरवा?"

तेजसने पुडीत पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण त्याचा चेहराही भुकटीसारखा झाला.

तेवढ्यात मागून मिसबाने हात वर केला. मिसबा वर्गातली सगळ्यांत प्रामाणिक मुलगी. तोच घात झाला. "सर, माझी पुडी बदलून मिळेल का? दहा नंबर पांढरा असतो ना? हा हिरवा आलाय!"

शेवडेसरांच्या डोक्यात आत्ता लख्ख उजेड पडला. ए टू झेड! मॅडमच्या कॉम्प्युटरने अक्षरांप्रमाणे सगळे नंबर फिरवले होते! आठ नंबर आता निकेल नव्हता, लेड होता. कालच्या आनंदात त्यांना हे सुचलंच नव्हतं.

बाबरसरांनी ब्रीफकेसमधून एक कागद काढला. पंधरा दिवसांपूर्वी शेवडेसरांनीच सहीशिक्क्यानिशी पाठवलेली ती गोपनीय यादी होती. "क्रमांक आठ, निकेल," त्यांनी वाचलं. "म्हणजे यादीप्रमाणे हा मुलगा बरोबर आहे आणि डोळ्यांप्रमाणे चूक आहे. शिवाय तुमची गोपनीय यादी या पोरांना तोंडपाठ आहे. शेवडेसर, मी काय समजू?"

बावीस वर्षांत सरांना असा घाम फुटला नव्हता. थापा बऱ्याच सुचल्या. पण स्टँडवर काल ठेवलेली ती नळी त्यांना दिसली आणि का कोण जाणे, त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. लेबलं कशी गेली, नंबर कसे फिरले, आणि मुलांकडची यादीही.

"बारा क्षार तुम्ही एका दिवसात ओळखलेत? बघून?"

"नाही," शेवडेसर म्हणाले. "बघून मला काही ओळखता येत नाही. करून ओळखले."

इंदुबाईंनी चमकून सरांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची श्रद्धा होती हो ती!

"ठीक," बाबरसर कोरडेपणाने म्हणाले. "हा आठ नंबर माझ्यासमोर करून दाखवा. लेड निघालं तर पुढे बोलू. नाही निघालं तर परीक्षा रद्द, आणि अहवाल बोर्डाकडे. बाकीच्यांनी तोवर टायट्रेशन सुरू करा! त्याचं प्रमाण रीडिंग मी स्वतः घेतो. इथल्या कागदांवर माझा विश्वास नाही."

टायट्रेशन म्हणजे मोठं नाजूक काम. ब्युरेट नावाच्या तोटीवाल्या उभ्या नळीतून चंबूतल्या आम्लात अल्कलीचा एकेक थेंब सोडत राहायचा. फिनॉल्फ्थॅलिन हा रंग दाखवणारा दर्शक घातलेलं ते आम्ल शेवटपर्यंत पाण्यासारखं बिनरंगी राहतं, आणि मग एका थेंबाला, नेमक्या एकाच थेंबाला, फिकट गुलाबी होतं. तिथे तोटी बंद करायची. एक थेंब जास्त गेला तरी रीडिंग चुकलं. पंचवीस ब्युरेटांच्या तोट्या उघडल्या गेल्या, चोवीस मुलांच्या आणि एक समोरच्या टेबलावर बाबरसरांची. टप टप टप असा आवाज सुरू झाला.

शेवडेसरांनी परीक्षानळी धरली. ॲसिडचे चार थेंब टाकले. पांढरा साका बसला. दोन-चार माना वर झाल्या. सरांनी नळी तापवली. साका विरघळला.

"गेला!" तेजस हळहळला.

बाबरसरांची भुवई वर गेली. सरांनी पोटॅशियम आयोडाइड घातलं. नळीत पिवळाधमक ढग उतरला आणि पहिल्या बाकावरून कोणीतरी "आईशप्पथ!" म्हणालं. सरांनी पाणी घालून पुन्हा तापवलं. पिवळं नाहीसं झालं.

"सर, परत गेलं!" मिसबा कळवळून म्हणाली. आता कोणी जागेवर नव्हतं. चोवीस मुलं टेबलाभोवती गोळा झाली होती, आणि बाबरसरही ब्युरेट सोडून उठून पुढे वाकले होते. सरांनी नळाखाली नळी धरली. धार पडत होती. काही होत नव्हतं. चोवीस मुलांचं वर्ष त्या दोन बोटांच्या चिमटीत होतं. सरांना वाटलं, कालचं ते स्वप्न होतं की काय!

मग एक ठिणगी चमकली.

त्यांनी नळी पूर्वेच्या खिडकीकडे धरली. सकाळच्या कोवळ्या उन्हात सोनं उतरू लागलं. हजारो कण, प्रत्येक जण उलटत, लकाकत, कुठल्याही घाईशिवाय. पुढच्या आयुष्यात पडद्यांवर काय काय बघणार होती ती मुलं, पण त्या क्षणी एका बोटभर काचेसमोर त्यांची तोंडं उघडी पडली होती. शेवडेसरांना वाटलं, आपण बावीस वर्षं यांना काय दिलं, तर एक यादी. त्यांचे डोळे भरून आले, आणि या खेपेला त्यात अमोनियाचा काही संबंध नव्हता.

बाबरसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एकतीस वर्षं," ते सावकाश म्हणाले, "मी पेपरात 'गोल्डन स्पँगल्स' हे शब्द तपासतोय. बघितले आज." बराच वेळ त्यांनी नळीवरून नजर हलवली नाही. "शेवडेसर, याला आपण अर्धा गुण देतो?"

"हो सर. अर्धा."

"आणखी एकदा करा," बाबरसर म्हणाले. परीक्षक म्हणून नव्हे, हे सगळ्यांना कळलं. सरांनी ते आणखी एकदा केलं. मग किरमिजी ज्योतही दाखवली. ती कोणी मागितली नव्हती.

शेवटी बाबरसर ताठ झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "परीक्षा रद्द होणार नाही. यादी दुरुस्त करून द्या, मी सही करतो. सॉल्ट मात्र सगळ्यांनी पुन्हा करायचं."

"सर, म्हणजे खरंच करायचं?" तेजसने विचारलं.

"खरंच करायचं."

आणि तेव्हा मागून इंदुबाईंचा आवाज आला. "सर! समदं गुलाबी झालं!"

सगळे वळले. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की टपटप केव्हाचीच थांबली होती, कारण ब्युरेट रिकामे झाले होते. टेबलांवर ओळीने चोवीस चंबू उभे होते. फिकट गुलाबी एकही नाही. सगळे रंगपंचमीच्या बादलीसारखे गडद!

बाबरसरांमधला परीक्षक एका क्षणात परत आला. "तोटी उघडी टाकून जागेवरून उठलात?" ते गरजले. "बारावीची मुलं तुम्ही! एक थेंब! एका थेंबाचं शास्त्र आहे हे! लक्ष कुठे होतं तुमचं?"

मुलांनी माना खाली घातल्या. इंदुबाई चंबू गोळा करत पुढे आल्या आणि समोरच्या टेबलापाशी थांबल्या. तिथे आणखी एक चंबू होता. त्यांनी तो उजेडात धरला. त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"बापा! हा त सगळ्यांत गडद हाय," त्या म्हणाल्या. "हा कोना पोराचा?"

बाबरसरांनी चंबूकडे पाहिलं, रिकाम्या ब्युरेटकडे पाहिलं, मग शेवडेसरांना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांना ब्युरेट पुन्हा भरून द्या. आणि हे बघा, अहवालात याचा उल्लेख नको."

"अहवाल तुम्हीच लिहिणार आहात, सर," शेवडेसर म्हणाले.